ताईच्या कॉम्प्युटरवर लिनक्स

अंबरनाथला लागून असलेल्या कॅम्प पाच या सिंधी वस्तीतल्या रिपेअरवाल्याने ताईच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि धूळ खाली बसायच्या आतच निकाल देऊन टाकला. "साईं, हार्ड डिस्क गई. अंदर का सब गया." मग आतून एक वाळलेलं झेंडूचं फूल चिमटीत धरून त्याने माझ्यासमोर नाचवलं. "और ये क्या है?" ताई दर दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करायची, त्यातलं एक कधीतरी मागच्या फटीतून आत गेलं असणार. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. का, ते सांगता येत नाही. त्याच्या कचऱ्याच्या डब्यात ते जाऊ नये, एवढंच तेव्हा वाटलं.

'अंदर का सब' म्हणजे काय ते त्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यात ताईने जन्मभर केलेल्या लग्नपत्रिका होत्या. ताई माझी मोठी बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि ती अंबरनाथमध्येच मराठी टायपिंगच्या क्लासला जात होती. परीक्षा पास झाल्याबरोबर कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या छापखान्यात कंपोझिंगला लागली. बुवापाड्यातली आमची खोली, माझं आयटीआय, माझं लग्न, सगळं तिच्या बोटांवर झालं. तिने स्वतः लग्न केलं नाही. लोकांच्या पत्रिका करता करता बिचारीची स्वतःची राहिली, असं नातेवाईक हळहळून म्हणत. म्हणताना त्यांना आपण काहीतरी फार सुंदर बोललो असं वाटत असावं. मला त्या वाक्याचा राग यायचा. अजूनही येतो.

छापखान्यात बदलापूर, वांगणी, बारवीकडची गिऱ्हाइकं यायची. त्या गावांत पत्रिका म्हणजे नुसतं आमंत्रण नसतं. अख्खी भावकी त्या एका कागदावर बसवायची असते. आजे, चुलत आजे, काका, मामा, आत्या, जावई आणि तळाला पोराटोरांची किलबिल. एखादं नाव राहिलं किंवा वरचं खाली गेलं की तो माणूस मांडवात पाय ठेवत नाही. हा मजकूर लोक वहीच्या मागच्या पानावर लिहून आणायचे, त्याला छापखान्यात मॅटर म्हणतात. गिऱ्हाईक दारात दिसलं की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅटर आणलंय का?" मग ती कागद स्टँडला लावायची आणि प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावापाशी थांबून विचारायची, "हयात आहेत ना?"

त्या विचारण्यात भावनेचा काही भाग नव्हता. ती लागायच्या आधी तिथून एक पत्रिका अशी गेली होती की जित्याजागत्या आजोबांच्या नावाआधी कै. छापलेलं. सगळं घर टेम्पोत बसून भांडायला आलं, पुरावा म्हणून आजोबांना पुढे बसवून. "आमचा आजा जिता हाय, नी तुमी त्याला वर धाडला?" आजोबा मात्र शेठने मागवलेला चहा मजेत पीत बसले होते म्हणे. ही गोष्ट शेठने ताईला पहिल्याच दिवशी सांगितली आणि तिने ती जन्माची लक्षात ठेवली. मॅटरमध्ये कै. असो वा नसो, तोंडाने विचारल्याशिवाय ती पुढे जात नसे. आणि प्रूफ हातात देताना शेवटचं वाक्य, "नीट वाचून घ्या. छापल्यावर आमची जबाबदारी नाही."

पुढे लोक पत्रिका मोबाइलवर पाठवायला लागले आणि छापखाना बंद पडला. शेठने जाताना कॉम्प्युटर ताईलाच देऊन टाकला. बुवापाड्यातली खोली सोडून ती अंबरनाथ पश्चिमेला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा कपड्यांच्या दोन पिशव्या आणि तो कॉम्प्युटर एवढंच तिचं सामान होतं. गॅलरीच्या दाराशी टेबल मांडलं. ओळखीपाळखीच्या पत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं ती तिथे बसून करायची. मला तो खटखट आवाज दुपारच्या झोपेत नकोसा व्हायचा. मी तसं बोलूनही दाखवायचो, आणि ती आणखी जोरात बोटं आपटायची.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी नेहमीचंच, मीठ दोनदा पडलं, चष्मा फ्रीजमध्ये सापडला. आम्ही हसलो, तीही हसली. मग एकदा ती रिक्षाने कॅम्प पाचला गेली आणि छापखान्याच्या बंद शटरसमोर पायरीवर बसून राहिली. शेठ आज उशीर का करतोय, असं शेजारच्या दुकानदाराला विचारत होती. तिला आणायला मीच गेलो. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि शांतपणे म्हणाला की गेलेलं परत येत नाही, आहे ते हळूहळू जाणार. मी त्याच्यावर उगाच डाफरलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

एक गोष्ट मात्र गेली नव्हती. टेबलाशी बसवलं की तिची बोटं बरोबर चालायची. सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही, पण कागद समोर ठेवला की पानच्या पान बिनचूक. आणि त्याच सुमारास माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पाळण्यात असल्यापासून ताई सांगत आली होती, हिची पत्रिका मी करणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. मुलीनेही धरून ठेवलं की पत्रिका आत्याच करेल. मला ते हवंच होतं, कदाचित त्या दोघींपेक्षा जास्त. तिने सगळ्या तालुक्याच्या पोरी उजवल्या कागदावर, घरची एक तिच्या हातून व्हावी. बोटं विसरायच्या आत व्हावी. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर बसला.

रिपेअरवाल्याने नवी डिस्क बसवली, पण आत घालणार काय? ताईच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या सीडीवर इतके चरे होते की ती चालेना. "नया ले लो साईं, ये म्युझियम का माल है," तो म्हणाला. नवा घेऊन काय करू? मुलीचा लॅपटॉप आम्ही तिच्यासमोर ठेवून पाहिला होता. तिने त्यावर हात ठेवले आणि लगेच काढले. "ही पाटी आहे. यावर हात बसत नाही." तिला तिचंच खोकं हवं होतं, अक्षरं पुसून गेलेला तिचाच कीबोर्ड.

"बाबा, टेन्शन मत लो. आपण लिनक्स टाकू," मुलगी म्हणाली. "कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम असते ती, ओपन सोर्स आहे. जुन्या मशीनवर पण मस्त चालतं."

ओपन सोर्स म्हणजे काय, हे तिने मला समजावलं. जगभरातले लोक मिळून बनवतात, कुणीही घ्या, कुणीही उघडून बघा, हवं तर बदला. मी फॅक्टरीत फिटर होतो. उघडून बघता येतं म्हटल्यावर मला ती गोष्ट आवडली. पण फुकट मिळतं म्हणजे खोट असणार, असंही मनात आलंच. ते मी बोललो नाही, मुलीशी वाद नको म्हणून.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. मुलीने पेनड्राइव्ह तयार करून आणला होता. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण सारखं दाबत राहायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं आणि दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पडदा उजळला आणि भाषांची लांबलचक यादी आली. तिच्यात मराठी होती. मला खरंच आनंद झाला. एवढ्या जगभरच्या लोकांमध्ये आपलंही कुणीतरी बसलं होतं. मराठी निवडली आणि पुढे सगळं तलाठी ऑफिसातल्या नोटिशीसारखं बोलायला लागलं. कुठे विभाजन, कुठे आरोहण, कुठे अधिष्ठापन. "हे कोणी लिहिलंय? याला कुणी जेवायला बोलवत नसणार," मी म्हणालो.

डिस्क पूर्ण पुसून टाकायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. डिस्क कोरी होती, पुसण्यासारखं तिच्यावर काहीच नव्हतं. तरी हो म्हणताना माझं बोट थोडं थांबलं. मग कीबोर्ड कोणता, असं विचारलं, मी मराठी निवडलं. तपासून बघायला एक चौकोन होता. त्यात मी एका बोटाने दोनचार बटणं दाबली, मराठी अक्षरं उमटली. झालं, मी पुढे गेलो. मराठीचा कीबोर्ड म्हणजे मराठीचा कीबोर्ड, त्यात आणखी काय बघायचं?

शेवटी पडद्यावर प्रश्न आला, 'तुम्ही कोण आहात?' त्याला वापरणाऱ्याचं नाव हवं होतं. ताई मागे येऊन उभी होती. तिने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "आपल्याच घरात येऊन आपल्यालाच विचारतोय, तुम्ही कोण म्हणून! उद्धटच आहे मेला." आम्ही तिघंही हसलो. तिचं तसं मोकळं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही. मी त्या चौकोनात तिचं नाव घातलं.

काम संपलं, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. आम्ही तिला खुर्चीवर बसवलं. एक जुनी पत्रिका सरावासाठी स्टँडला लावली. तिने चष्मा पुसला, पदर खोचला, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि बोटांनी त्यातली उंचवट्याची दोन बटणं चाचपली. मग ती सुरू झाली.

टायपिंग शिकलेली माणसं पडद्याकडे बघत नाहीत. नजर कागदावर ठेवायची, हे क्लासमध्ये पट्टी मारून शिकवलेलं असतं. ताई कागदाकडे बघत होती, पडद्याकडे आम्ही बघत होतो. पहिल्याच ओळीत गणपतीच्या जागी काहीतरी भलतंच उमटलं. अक्षरं सगळी मराठीच होती, शब्द एकही नव्हता. मला वाटलं चुकून एखादं बटण दबलं असेल. पण दुसरी ओळही तशीच, तिसरीही. ती आपल्या लयीत चालली होती, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान होतं. मुलीने माझा दंड घट्ट धरला. थांब म्हणावं, तर कसं म्हणावं ते मला सुचेना. तिने पूर्ण पत्रिका संपवली, कागद उलटा ठेवला आणि मग मान वर केली.

ती बराच वेळ वाचत राहिली. एक ओळ बोटाने धरून वाचायचा प्रयत्न केला. मग हात मांडीवर घेतले आणि अगदी हळू म्हणाली, "गेलं रे. बोटांतलं पण गेलं."

"ताई, तुझं नाही चुकलं, हा कॉम्प्युटरच—" मी बोलायला लागलो, पण ती ऐकत नव्हती. इतके दिवस तिचं बरोबरच आहे असं सांगून आम्ही जे काहीबाही सावरत आलो होतो, त्यातलंच हेही एक, असं तिला वाटलं असणार. ती उठली, मॉनिटरवर रुमाल टाकला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मला स्वतःला फोडून काढावंसं वाटलं, आणि ते खोकंसुद्धा.

त्यानंतर ती टेबलाशी फिरकली नाही. आम्ही विषय काढला की म्हणायची, "कसला कॉम्प्युटर? मला कुठे येतं त्यातलं?" आधी हे रुसून म्हणत होती. पुढे पुढे खरंच वाटून म्हणायला लागली. बायको म्हणाली, बाहेर करून घेऊ पत्रिका, दिवस जवळ येतायत. तिचं बरोबर होतं, तरी मी भांडलो.

मुलीने इंटरनेटवर एका ठिकाणी, जिथे लिनक्सवाले एकमेकांच्या अडचणी सोडवतात, आमची अडचण लिहिली. आत्याची बोटं बरोबर आहेत, पडद्यावर चुकीचं येतं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी उत्तरात साधा प्रश्न विचारला होता, 'आत्या टाइपरायटरवर शिकल्यात का?' तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटरसाठी सरकारने ठरवलेला मराठी कीबोर्ड वेगळा आणि ताईच्या बोटांत बसलेला जुन्या टाइपरायटरचा वेगळा. तिचं जुनं सॉफ्टवेअर टाइपरायटरप्रमाणे चालायचं, म्हणून इतकी वर्षं प्रश्नच आला नव्हता. आणि मी एका बोटाने दोनचार बटणं दाबून पुढे गेलो होतो. टाइपरायटरचाही कीबोर्ड मिळत होता, तो वेगळा उतरवून घ्यायचा होता. त्या माणसाने तो कसा बसवायचा ते ओळीनिशी लिहून दिलं होतं. खाली लिहिलं होतं की त्याचे वडील कोर्टात टायपिस्ट होते, त्यांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून तो हे सगळं शिकला. त्याचं नाव गाव काही नव्हतं. अशा कुणा अनोळखी माणसापुढे मी मनातल्या मनात हात जोडले, आयुष्यात पहिल्यांदाच.

कीबोर्ड बसवला. आता ताईला बसवायचं कसं? तिला किती विनवण्या केल्या तरी उपयोग नव्हता. मग मला वाटलं, भावाचं ती ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं ऐकेल. मी वहीच्या मागच्या पानावर पत्रिकेचं मॅटर लिहिलं. सगळी भावकी घातली. एक नाव मुद्दाम गाळलं, मुलीच्या आत्याचं. ते तिने स्वतः घालावं, माझं नाव विसरलास काय रे, असं म्हणून माझ्या पाठीत एक धपका घालावा, अशी माझी इच्छा होती. सकाळी तिची अंघोळ झाल्यावर मी मॉनिटरवरचा रुमाल काढला, चपला घालून जिन्यात गेलो, बेल वाजवली आणि दारात उभा राहून म्हणालो, "ताई, मॅटर आणलंय." गिऱ्हाइकंही तिला ताईच म्हणायची.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओले हात पदराला पुसले, कागद घेतला, घडी मोडून सरळ केला. "बसा," ती म्हणाली आणि थेट टेबलाशी गेली. माझी युक्ती लागू पडली म्हणून मला इतका आनंद झाला की त्या 'बसा'कडे माझं लक्षच गेलं नाही. मी स्टुलावर बसलो.

तिने उंचवट्याची बटणं चाचपली आणि सुरू केलं. मी पडद्याकडे बघत होतो. गणपती गणपतीच उमटला. कुलदैवत आलं, मुलीचं नाव आलं, खाली मुलाचं आलं. आतल्या खोलीच्या दारात मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझीही तीच गत होती. ताईचं लक्ष कागदावर होतं.

एका नावापाशी ती थांबली. "मुलीचे आजोबा. हयात आहेत ना?"

ते आमचे वडील. त्यांना अग्नी दिला तेव्हा तिने माझा हात धरला होता. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, खेळतेय का म्हणून. ती वाट बघत होती, शेठच्या छापखान्यात बघायची तशी, जराशी घाईत.

"नाहीत," मी म्हणालो.

"कै. लावते." आणि तिने आमच्या वडिलांचं नाव घातलं. मग आईचंही तसंच विचारून घातलं. मग माझं आलं, तेही सरळ घालून ती पुढे गेली. काका झाले, मामा झाले. मामांनंतर तिने कागदावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मुलीला आत्या नाही का हो?"

मुलगी कप तसेच घेऊन आत गेली.

"आहे," मी म्हणालो. "एक आहे. लिहायची राहिली."

"बघा, म्हणून विचारून घेते मी. मांडवात रुसवे झाले असते. सांगा नाव."

मी ताईला तिचं नाव सांगितलं.

"सौ. की श्रीमती?"

"कुमारी."

तिने मान हलवली. बोटं बटणांवर टेकली होती, पण ती दाबायच्या आधी तिने नेहमीचं विचारलं.

"हयात आहेत ना?"

"आहेत," मी म्हणालो.

तिने नाव घातलं. एकही अक्षर चुकलं नाही. मग ती पुढच्या ओळीकडे वळली.